लोणारच्या पाण्यात बाटली बुडवण्याआधी

"ताई, सॅम्पल किती घ्यायचे?"

पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींचे मला मेसेज येतात, त्यांत हा प्रश्न हमखास असतो. दहा पुरतील का, तीस लागतील का, गाईड पन्नास म्हणतात, वगैरे. माझं उत्तर ठरलेलं आहे. किती ते नंतर बघू, आधी कुठून घेणार ते सांगा. यावर बहुतेक जण म्हणतात, "कुठून म्हणजे? सरोवरातून!"

मीही हेच म्हणाले होते, आणि त्या उत्तराने माझा एक अख्खा हंगाम खाल्ला. म्हणून आजची पोस्ट.

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार तुम्हाला माहीत आहेच. बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेला खड्डा, तोंडाशी साधारण १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल. तळाशी सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचं खारं, अल्कधर्मी सरोवर. माझा विषय या पाण्याचं रसायन. पहिल्या खेपेला मी धारेच्या बाजूने खाली उतरले, कारण तो रस्ता सोयीचा. पाण्याशी पोचले, गुडघाभर चिखलात उभी राहिले, एकामागून एक बारा बाटल्या भरल्या, लेबलं लावली. फार समाधान वाटलं. सामान वाहायला मदतीला आलेले गावातले काका इतका वेळ काठावर बसून बघत होते. शेवटची बाटली भरली तेव्हा ते म्हणाले, "म्याडम, तुमी तर धारंचंच पाणी भरून राह्यल्या."

धार म्हणजे ईशान्येकडच्या कड्यातून बारमाही पडणारा गोड्या पाण्याचा झरा. तो वाहत येऊन जिथे सरोवराला मिळतो, त्याच्या तोंडाशीच मी उभी होते. बारा बाटल्या, बारा लेबलं, आणि सगळ्यांत अर्धं झऱ्याचं पाणी. प्रयोगशाळेत आकडे आले ते एकमेकांशी छान जुळणारे, आणि म्हणूनच जास्त फसवे. बारा आकडे जुळले की माणसाला वाटतं आपलं मोजमाप पक्कं. खरं तर मी एकच जागा बारा वेळा मोजली होती.

आता हे इतकं महत्त्वाचं का, हे समजायला लोणारचं पाणी असं का झालं ते बघावं लागेल. सरोवरात धार येते, सीतान्हाणी, रामगया असे झरे येतात, पावसाचं पाणी कड्यांवरून उतरतं. बाहेर मात्र काहीच जात नाही. ना नदी, ना ओढा. पाणी फक्त वाफ होऊन जातं. येणारं पाणी बेसॉल्टमधून झिरपताना थोडा सोडियम, थोडा कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन येतं. चवीला ते गोडच. पण पातेल्यात पाणी आटवत ठेवलं आणि वरून थोडं थोडं ओतत राहिलं तर काय होईल? आधी कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात खाली बसतो. आपल्या घरच्या गिझरमध्ये पांढरा थर धरतो तोच हा प्रकार. कॅल्शियम संपत आला की पाण्यात उरतो सोडियम आणि कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. त्याच्या जोडीला मीठ. हजारो वर्षं हे चाललं की पीएच दहाच्या आसपास जातो.

पूर्वी उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काठावर क्षार साचायचे आणि लोक ते काढून विकायचे. पापडी, दल्ला, खुप्पल, भुस्की अशी त्यांची वेगवेगळी नावं होती. अबुल फजलच्या 'आइन-ए-अकबरी'त लोणारचा आणि इथल्या साबण-काचेच्या कच्च्या मालाचा उल्लेख आहे. म्हणजे आपण ज्याला सोडियम कार्बोनेट-बायकार्बोनेट प्रणाली म्हणून प्रबंधात अडीच पानं लिहितो, त्याची प्रतवारी इथल्या लोकांनी हातात घेऊन केलेली होती. (नावं क्षारांची वेगळी, कारण क्षारही वेगळे. हे वाचल्यावर माझा साहित्य-आढावा पुन्हा लिहावा लागला.)

तर मुद्दा असा. अशा बंद सरोवरात प्रत्येक झऱ्याच्या तोंडाशी पाणी पातळ असतं, मधोमध दाट. उथळ काठावर ऊन लागून ते आणखी आटतं. तळाशी प्राणवायू कमी, वर जास्त. वारा सुटला की हिरवं शेवाळ एका काठाला जाऊन साचतं. सरोवर म्हणजे एक पाणी नाही. कमळजा देवीच्या मंदिराजवळ 'सासू-सुनेची विहीर' आहे, तिच्या एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं लागतं असं गावात सांगतात. जलरसायनाच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण आणि सासू-सुनेची ही गोष्ट यांत मला तरी फार फरक दिसत नाही.

थोडा हिशोब करू. १.२ किलोमीटर व्यास म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १.१३ चौरस किलोमीटर. सरासरी खोली समजा ३ मीटर धरली, तर पाणी होतं ३४ लाख घनमीटर, म्हणजे तीन अब्ज लिटरच्या वर. त्यातलं तुम्ही एक लिटर उचलणार आणि शीर्षक देणार 'लोणार सरोवराच्या पाण्याचं विश्लेषण'. त्या एका लिटरला एवढा भार पेलायचा असेल तर ते कुठलं, किती खोलीवरचं, कितीच्या सुमाराचं, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

त्यासाठी बोट.

लोणार अभयारण्य आहे. वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय नमुना घेता येत नाही आणि बोट तर नाहीच. अर्जात तारीख, माणसं, उपकरणं, नमुन्यांची संख्या सगळं लिहावं लागतं. परवानगीला वेळ लागतो. तो तुमच्या वेळापत्रकात आधीच धरा, नाहीतर पावसाळ्यापूर्वीचा नमुना पावसाळ्यात घ्याल. आमची बोट म्हणजे हवा भरायची रबरी बोट, दोन वल्ही, पायाने दाबायचा पंप. ती डोक्यावर घेऊन कडा उतरलो तेव्हा आफ्रिकेतल्या मोहिमांची वर्णनं आठवली. हेन्री स्टॅन्लीने १८७५ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला वळसा घातला तो 'लेडी ॲलिस' नावाच्या बोटीतून, आणि ती बोट सुटी करून, तुकड्यातुकड्यांनी माणसांच्या खांद्यावरून किनाऱ्यापासून आत नेलेली होती. खांदे कोणाचे होते ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कधी येत नाही. आपल्या प्रबंधात निदान ऋणनिर्देशात तरी येऊ द्या.

आफ्रिका मी उगाच मध्ये आणत नाही. तुम्ही सोडा-सरोवरांवर वाचायला लागलात की दहातले सहा-सात शोधनिबंध पूर्व आफ्रिकेतलेच निघतील: मगाडी, नाकुरू, बोगोरिया, तुर्काना. केनियातल्या मगाडीत सोड्याचे इतके जाड थर आहेत की तो खणून काढतात. रसायन आपल्याच जातीचं. पण मोजमाप फार वेगळं. तुर्काना लांबीला अडीचशे किलोमीटरच्या आसपास, मधे उत्तर, मध्य आणि दक्षिण अशी तीन ज्वालामुखीय बेटं. मध्य बेटाच्या पोटात पुन्हा स्वतःची विवर-सरोवरं. तिथला वारा कुप्रसिद्ध आहे. १९३४ साली व्हिव्हियन फुक्सच्या मोहिमेतले दोघे जण बोटीने दक्षिण बेटावर गेले ते परत आलेच नाहीत. लोणारला लाटा येत नाहीत, हे खरं. म्हणून आमच्यातल्या एकाने लाइफ जॅकेट काढून बुडाखाली घेतलं होतं. त्याला मी तुर्कानाची गोष्ट सांगितली. त्याने घातलं. हे पाणी डोळ्यांत गेलं तर चुरचुरतं, आणि काठाचा चिखल पाय धरून ठेवतो. पोहता येतं एवढ्यावर विसंबू नका.

आता प्रत्यक्ष काम. आदल्या रात्री नकाशावर जाळी आखा आणि बिंदू ठरवा: प्रत्येक झऱ्याच्या तोंडाशी एक, तिथून मध्याकडे जाणाऱ्या रेषेवर दोन-तीन, मधोमध एक, आणि ज्या बाजूला कोणी जात नाही तिथेही एक. बोटीत बसून बिंदू ठरवायचे नाहीत. बोटीत बसलं की माणूस नकळत जिथे वल्हवणं सोपं तिकडे जातो आणि नंतर त्याला 'यादृच्छिक नमुना निवड' म्हणतो.

प्रत्येक बिंदूवर जीपीएसची नोंद दोनदा घ्या, बाटली सोडताना आणि वर आल्यावर. तळाला गाळ असल्यामुळे नांगर धरत नाही, घसरतो, आणि बोट कधी वाहत गेली ते कळत नाही. दशांश अंशात चौथ्या स्थानाचा एक आकडा म्हणजे अक्षांशात साधारण ११ मीटर. म्हणून चार दशांश तरी लिहाच. आणि अंश-मिनिटं की दशांश अंश, हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. लोणारचं अक्षांश १९ अंश ५८.५ मिनिटं, म्हणजे १९.९७५ अंश. कोणी घाईत ते १९.५८५ असं एक्सेलमध्ये भरलं तर तुमचं सरोवर ४३ किलोमीटर दक्षिणेला, परभणी जिल्ह्यात जाऊन पडतं. हसू नका. नकाशावर ठिपके टाकल्याशिवाय ही चूक दिसत नाही, आणि बरेच जण ठिपके टाकतात ते थेट प्रबंध बांधायच्या आठवड्यात.

खोलीसाठी साधी दोरी आणि वजन चालतं, दर अर्ध्या मीटरला गाठ मारलेली. ध्वनीवर चालणारं यंत्र मिळालं तर उत्तम, पण तळ पातळ गाळाचा असेल तर 'तळ' म्हणायचं कशाला हा प्रश्न यंत्रालाही पडतो. दोरीचं वजन गाळात थोडं रुततं, यंत्राचा आवाज गाळाच्या वरूनच परततो. दोन्ही आकडे लिहा. त्यांतला फरक ही माहितीच आहे.

पीएचवर मात्र मला जरा थांबायचं आहे, कारण इथे बहुतेकांचं घोडं पेंड खातं. आपल्या प्रयोगशाळांना सवय विहिरीच्या, बोअरच्या पाण्याची. म्हणून मीटर जुळवायला ४ आणि ७ ची द्रावणं हाताशी असतात. मी पहिल्या वर्षी तेच केलं. पण मोजायचं आहे १० च्या आसपास. सहा इंची पट्टी घेऊन दोन फुटांवरचं अंतर सांगण्यासारखं ते. ७ आणि १० ने जुळवा. शिवाय काचेच्या इलेक्ट्रोडची एक खोड आहे: पीएच खूप वर असेल आणि सोडियमही भरपूर असेल, तर इलेक्ट्रोड सोडियमलाच थोडं हायड्रोजन समजतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. लोणारमध्ये दोन्ही अटी पूर्ण होतात. उच्च पीएचसाठीचे इलेक्ट्रोड मिळतात. नसेल तर निदान कोणता वापरला ते लिहा. आणि पीएच बोटीतच मोजा. बाटलीत हवा राहिली, तीन तास उन्हात जीपमध्ये आपटत आली, शेवाळाचा श्वासोच्छ्वास आत चालूच, की प्रयोगशाळेत तुम्ही मोजता ते जीपमधलं पाणी. लक्षात ठेवा, पीएच मोजपट्टी लॉगरिदमची आहे: ९.५ आणि १०.५ यांत हायड्रोजन आयन दहापटीने बदललेले असतात. "थोडासा फरक आला" असं कधी म्हणू नका.

या सगळ्या काटेकोरपणाचं काय करायचं, असं वाटत असेल तर जून २०२० आठवा. लोणारचं पाणी गुलाबी झालं, फोटो जगभर गेले, आणि गावात-टीव्हीवर कारणांचा पाऊस पडला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत हॅलोआर्किया हे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव सापडले, जे गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. पाणी आटलं, क्षारता वाढली, त्यांना सुगीचे दिवस आले. त्या तपासणीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अगदी साधी आहे. पाणी न हलवता ठेवल्यावर गुलाबी जैवभार तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यात तरंगणाऱ्यांचा होता. आता विचार करा: कोणी बाटली हलवून ओतली असती आणि कोणी वरवरचं नितळ पाणी घेतलं असतं, तर एकाच बाटलीतून दोन उलट निष्कर्ष निघाले असते.

पाण्यापेक्षा गाळ जास्त बोलतो, असं आमच्या विभागात म्हणतात. २००८ मध्ये जर्मन आणि भारतीय संशोधकांच्या गटाने लोणार सरोवरातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला. तोही तरंगत्या फळीवरून आणि सरोवराच्या खोल भागातूनच. का? काठावर पाणी पुढे येतं, मागे जातं. मागे गेलं की गाळ उघडा पडतो, वाळतो, पावसात वाहून जातो. म्हणजे पुस्तकाची पानं फाटतात. खोल भागात पानं एकावर एक शाबूत राहतात. त्या दहा मीटरांत सुमारे ११ हजार वर्षांचा पावसाचा हिशोब निघाला. त्यातल्या काही थरांत गेलुसाइट नावाच्या सोडियम-कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचे स्फटिक होते. सरोवर फार आटल्याशिवाय ते तयार होत नाहीत. त्यावरून दोन दीर्घ कोरडे कालखंड ठरले: सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

हे वाचलं तेव्हा मी उड्याच मारल्या. लोणारची यादवकाळातली मंदिरं दुसऱ्या कोरड्या काळात येतात! म्हणजे पाणी आटलं, काठ मोकळा झाला, मंदिरं बांधली... माझी पूर्ण गोष्ट तयार. गाईडनी शांतपणे विचारलं, "मंदिराच्या पायाखालचा थर पाहिलास?" नव्हता पाहिला. त्यांनी त्या परिच्छेदावर पेन्सिलने हलकीशी रेघ मारली. रेघ अजून आहे, परिच्छेद नाही.

अशाच गाभ्यासाठी आफ्रिकेतलं घानाचं बोसुमत्वी सरोवर बघा. तेही उल्काविवर, पण लोणारच्या सुमारे सहापट रुंद, वय १० लाख ७० हजार वर्षं. तिथल्या अशांती लोकांसाठी सरोवर पवित्र. परंपरेने त्या पाण्याला लोखंड लावायचं नाही, होडी घालायची नाही. कोळी सपाट लाकडी फळीवर पालथे पडून हातांनी वल्हवतात. २००४ मध्ये तिथे तरंगत्या तराफ्यावरून वैज्ञानिक खोदकाम झालं. मला तिथलं वय नेमकं आणि लोणारचं वादग्रस्त, हे मात्र सलतं. लोणारसाठी एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं आली आणि २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. दहापट! प्रबंधात यांतला एकच आकडा टाकून पुढे जाऊ नका. व्हायव्हात कोणीतरी दुसरा आकडा घेऊन बसलेलं असतंच.

आता माझ्या त्या बारा बाटल्यांचं. वर्षभराने बोटीतून जाळीनुसार नमुने घेतले, तेव्हा धारेच्या तोंडाशी आणि मध्यात किती तफावत आहे ते स्वच्छ दिसलं. पहिला हंगाम सरोवराची सरासरी म्हणून मला वापरता आला नाही. तो 'धारेचा प्रभावक्षेत्र' म्हणून एका छोट्या उपप्रकरणात गेला. मनस्ताप झाला, पण त्याहून मोठं दुखणं नंतर कळलं. गेल्या काही वर्षांत सरोवराची पातळी वाढते आहे, पाणी कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत आलंय, रसायन बदलतंय अशी चर्चा आहे. बदललंय का हे तपासायला जुने आकडे हवेत. जुने आकडे आहेत, प्रबंधही आहेत, पण त्यांतल्या अनेकांत नमुना कुठून घेतला याची नोंद एवढीच: 'लोणार सरोवर'. २० वर्षांपूर्वीचा पीएच जास्त होता आणि आज कमी आहे. सरोवर बदललं, की तेव्हाचा माणूस मध्यावर होता आणि आजचा धारेपाशी उभा आहे? आकडा पुढ्यात असून उत्तर देता येत नाही. ज्यांनी ते घेतले त्यांनी मेहनत कमी केली नव्हती. फक्त एक ओळ लिहायची राहिली.

माझ्या वहीत आता प्रत्येक बाटलीपुढे सात रकाने आहेत: बिंदू क्रमांक, अक्षांश, रेखांश, खोली, वेळ, वारा कुठून, आणि शेवटचा 'जवळ काय दिसतंय'. मागच्या खेपेला बिंदू क्रमांक ९ पुढे आधीच्या वर्षी लिहिलं होतं, 'काठापासून पंचवीस पावलं, विहिरीचा कठडा दिसतो.' आम्ही जीपीएसवर नेमक्या त्याच जागी पोचलो. बोटीखाली पाणी होतं, कठडा दिसत नव्हता. काकांनी वल्ह्याने खाली चाचपून पाहिलं, दगडाला टक् असा आवाज आला, आणि म्हणाले, "हाय हाय, इथंच हाय. भरा आता बाटली."